शून्य बाइटचा पंचनामा

आमचे सर भांडखोर होते, असं शहापुरात अजून म्हणतात. त्यात खोटं काही नाही. पण ते माणसांशी कमी आणि कोड लिहायच्या एका एडिटरशी जास्त भांडले, हे म्हणणाऱ्यांना माहीत नसतं.

एडिटर म्हणजे ज्यात आम्ही प्रोग्राम टाइप करायचो ते सॉफ्टवेअर. देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट मिळणारं, आणि आतला कोडसुद्धा कुणीही उघडून पाहावा असं. त्यात काही बिघडलेलं दिसलं तर तक्रार करायला इंटरनेटवर एक जागा होती. काही नवीन सोय हवी असेल तर तेही तिथंच सुचवायचं. प्रत्येक तक्रारीला नंबर मिळे आणि बनवणारे लोक तिथंच उत्तर देत. बाकी जग ही जागा गरजेपुरती वापरत असेल. सरांनी ती तहसील कचेरीसारखी वापरली, म्हणजे निकाल लागेपर्यंत पायरी सोडायची नाही.

तहसील कचेरीचं नाव मी उगाच घेत नाही. तरुणपणी ते कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायला बसत. तिथून टायपिंगकडे गेले, टायपिंगवरून कॉम्प्युटरवर आले, आणि दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्या क्लासात शिकवायला लागले. क्लासच्या दोन शाखा होत्या, एक शहापूरला आणि एक मुरबाडला. सर तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे. मी मधल्या किन्हवलीची, म्हणून येताजाता बऱ्याचदा एकाच एसटीत असायचो. ते खिडकीशी बसून मांडीवरच्या वहीत तक्रारी लिहायचे. रस्ता असा, की त्या वहीतलं अक्षर त्यांना स्वतःलाही नंतर लागत नसे. मग ते माझ्यापुढे वही धरून विचारायचे, "हे काय लिवलंय मी?"

मुलांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. गावावरून हाक मारायचे. "ए आटगाव, कंस मिटव." "खर्डी, तुझा प्रोग्राम चाललाय कुठं, कसाऱ्याला?" मी अर्थातच किन्हवली. आमच्या गावातली आणखी एक मुलगी क्लासला आली तेव्हा तिला त्यांनी 'किन्हवली खालची' करून टाकलं. ती आठवड्यात क्लास सोडून गेली. सरांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, तिचं नाव काय होतं.

एडिटरला ते 'हा' म्हणायचे. "हा आज लबाडी करतोय." पडद्यावर इंग्रजीत 'चूक झाली' असा निरोप आला की आम्ही निमूट ओके दाबायचो. सर दाबू देत नसत. आधी तो निरोप मोठ्यानं वाचायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे. "झाली म्हणजे? आभाळातून पडली? कोनी केली ते सांग." याच मुद्द्यावर त्यांनी एक सोय सुचवली होती. प्रत्येक निरोपात चूक वापरणाऱ्याची की एडिटरची हे स्पष्ट लिहावं, आणि एडिटरची असेल तर त्यानं तसं कबूल करावं. बनवणाऱ्यांनी सभ्यपणे नकार दिला. सरांनी खाली लिहिलं, 'नकाराचं कारण दिलेलं नाही', आणि तो अर्ज पुन्हा चालू केला. दुसरी सूचना अशी होती की शेवटचं सेव्ह करून किती मिनिटं झाली ते खाली कोपऱ्यात दिसत राहावं. ही त्यांनी मान्य केली. सरांना त्याचा आनंद झाला असेल, पण ते एवढंच म्हणाले की अक्षर बारीक ठेवलंय.

त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन असायचं, ठरलेल्या वेळी आणि न ठरलेल्याही. 'लाईट गेली' असं कुणी म्हटलं की सर फळ्यावरून वळून म्हणायचे, "जात नाय, घालवतात." क्लासात एकच यूपीएस होता आणि तो मालकांच्या केबिनमध्ये, मालकांच्या कॉम्प्युटरला. बाकी आम्हा सगळ्यांना आधार पंख्याचा. म्हणजे असं, की आमच्याकडे वीज एका झटक्यात जात नसे. आधी ट्यूब फिकी पडे, छताच्या पंख्याचा आवाज खाली उतरे आणि दोन-तीन सेकंदांनी सगळं बंद. पहिल्याच दिवशी, कॉम्प्युटर चालू कसा करायचा हे सांगण्याच्याही आधी, सरांनी आम्हाला शिकवलं, "पंख्याचा आवाज पडला की कंट्रोल एस. डोकं लावायचं नाय, हात लावायचा." कंट्रोल एस म्हणजे सेव्ह. महिन्याभरात आमचे हात इतके तयार झाले की घरी जेवताना पंखा मंदावला तरी माझी बोटं ताटाच्या काठावर दाबली जायची. आई म्हणायची, हिला कसला चाळा लागलाय.

शेवटच्या सत्राला प्रोजेक्ट असायचा. मी किन्हवली स्टँडचं टाइमटेबल केलं होतं. गाव आणि आत्ताची वेळ टाकली की पुढची गाडी कुठली आणि किती मिनिटांनी, ते प्रोग्राम सांगायचा. कंट्रोलरच्या खिडकीशी उभं राहून मी एकेक गाडी उतरवून घेतली होती. तीन आठवडे खपले होते. जमा करायच्या दिवशी सकाळी एक शेवटची ओळ नीट करत बसले होते, अकरा वाजत आले होते. पंख्याचा आवाज पडला. माझ्या हातानं कंट्रोल एस दाबला आणि पडदा काळा झाला.

दोन तासांनी वीज आली. फाईल जागेवर होती, नाव बरोबर होतं, आणि आत काही नव्हतं. आकार शून्य बाइट. फ्लॉपीवर एक प्रत ठेवली होती, पण आमच्या दमट हवेत फ्लॉपीनं कधीच मान टाकली होती. मालक आले, त्यांनी वाकून पाहिलं.

"झीरो? मग तीन वीक काय टाइमपास करत होतीस? रिकामी फाईल जमा करून सर्टिफिकेट पाहिजे?" ते म्हणाले. आणि परीक्षा मंडळाच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे लिहिलं, 'प्रोजेक्ट केला नाही'.

सर्टिफिकेट गेल्याचं दुःख होतंच. पण 'केला नाही' हे शब्द त्याहून जास्त लागले. कारण मी केला होता. घरी वडील म्हणाले, "खरं काय ते सांग, मी काय बोलणार नाय." म्हणजे त्यांनाही शंका आली होती. 

दुसऱ्या दिवशी सर मुरबाडहून आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्या मशीनवर बसले.

"रडतंस कशाला गो? फाईल हाय ना? तिच्यावरची वेळ वाच."

मी वाचली. दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

"तू काय केलंच नसतं तर अकराला दोन मिनटं कमी असताना ही फाईल लिवली कोनी? भुतानं? रिकामी हाय हाच पुरावा."

मग त्यांनी पाच जणांना बोलावून मागे बघायला उभं केलं, मला त्याच खुर्चीवर बसवलं, एक जुना प्रोग्राम उघडून दिला आणि स्वतः दाराशेजारच्या मेन स्विचवर हात ठेवून उभे राहिले. ते 'पंखा' म्हणायचे, मी कंट्रोल एस दाबायची, ते स्विच पाडायचे. पुन्हा चालू, पुन्हा 'पंखा'. असं पंचवीस वेळा. कधी फाईल वाचायची, कधी शून्य. नऊ वेळा शून्य आल्यावर सर स्टुलावर बसले. 

"हा काय करतो, बग," शेवटी ते म्हणाले. "आधी जुनी फाईल पुसतो, मग नवी लिवतो. मधल्या पळात लाईट घालवली की जुनंबी गेलं आनि नवंबी. आनि नेमका त्याच पळाला सेव्ह मारायला तुमाला तयार कोनी केलं? मी."

इतर ठिकाणी वीज गेली तर गेली. तिथं कुणी पंखा ऐकत बसत नाही, त्यामुळे शेवटचं काम जातं, पण फाईल राहते. आमच्याकडे सगळे सावध, म्हणून आमच्याच फाईली रिकाम्या होत होत्या. हे कळल्यावर सरांचा चेहरा जो उतरला तो मी विसरलेले नाही. दुसरा कुणी असता तर इथं गप्प बसला असता, कारण चूक त्याच्याही अंगावर येत होती. सरांनी वही काढली.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक सायबर कॅफे होता. ते मराठीत सांगायचे, मी जमेल तशा इंग्रजीत टाइप करायची. तक्रार माझ्या नावानं. "नुकसान तुझं, तक्रार तुझी." आणि तक्रारीचा साचा पंचनाम्याचा, कारण सरांना दुसरा माहीत नव्हता. 'आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की,' इथून सुरुवात. मग जागेचं वर्णन: खोली पूर्वाभिमुख, कॉम्प्युटर सहा, पंखे दोन, पैकी एक चालू. मग काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. खाली पाच पंचांची नावं, वयं, धंदा. त्यात क्लासखालचा सायकलवाला होता. त्यानं आयुष्यात एडिटर पाहिला नव्हता, पण नऊ वेळा शून्य मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी सरांची शिफारस: 'जुना माठ फोडून मग नवा आणायला बाजारात जाऊ नये. नवा घरात आल्यावर जुना फोडावा.' हे वाक्य इंग्रजीत करायला मला अर्धा तास लागला.

चार दिवसांनी उत्तर आलं. आमच्याकडे असं घडत नाही, सबब तक्रार बंद.

"त्यांच्याकडे घडत नाय हे त्यांच्याकडचं झालं," सर म्हणाले. "उघड परत."

आम्ही उघडली. त्यांनी विचारलं, पंख्याचा एडिटरशी संबंध काय? आम्ही दीड पान लिहिलं. त्यांनी सांगितलं, यूपीएस वापरा, आणि बंद केली. सरांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं टाइप केलं: "पूल पडला म्हणून तक्रार केली तर पोहायला शिका असं सांगता." पुन्हा उघडली. एकानं लिहिलं, ही डिस्कची चूक आहे. सर म्हणाले, "पुसायला डिस्कला सांगतं कोन?" आणखी एकानं थट्टेनं विचारलं, साक्षीदार वगैरे, हे काय कोर्ट आहे का? सरांनी उत्तरात एकच शब्द लिहायला लावला: हो.

मला लाज वाटायची, हे कबूल करते. परदेशातली शिकलेली माणसं, फुकट काम करणारी, आणि आम्ही शहापूरच्या सायबर कॅफेतून त्यांच्याशी हुज्जत घालतोय. मी एकदा म्हटलंही, "सर, जाऊ द्या ना. त्यांनी काय आपल्याकडून फी घेतलीय?"

"फी घेतली नाय म्हणून खोटं बोलायचा हक्क मिळतो काय?" ते म्हणाले. "ते बोलतात घडत नाय. म्हंजे तू खोटी. तुला चालंल?"

मला चालणार नव्हतं. त्यानंतर मी लाजणं सोडून दिलं.

इकडे मालकांना पंचवीस वेळा मेन स्विच पाडल्याचं कळलं. त्यात एक मॉनिटरही गेला होता, तेव्हा त्यांचा राग अगदीच विनाकारण नव्हता. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मालकांचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. हा फुकटचा एडिटर सगळ्या मशीनवरून काढायचा, आणि रजिस्टरात 'प्रोजेक्ट केला नाही' याच्याखाली शिक्षक म्हणून सही करायची, कारण मंडळाला सहीशिवाय चालत नाही.

"एडिटर काढा पायजे तर," सर म्हणाले. "सही नाय करणार. पोरीनं केलेलं मी पायलंय."

"सर, फॉर्मॅलिटी आहे. तुमचं काय जातं?"

"मी पायलं ते लिवीन. नाय पायलं ते नाय लिवणार."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला?" सर म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी टेबलावरचा टेस्टर खिशात घातला, वही घेतली आणि जिना उतरले. मी मागोमाग गेले तर सायकलवाल्याशी बोलत उभे होते, त्याच्या पंपाचं काहीतरी.

त्यानंतर ते मुरबाडला भावाच्या भातगिरणीत राहायला गेले. गिरणीला लागून एक खोली होती, पूर्वी तिथं रिकामी पोती असायची. तिथं त्यांनी चार जुन्या मशीनचे भाग जोडून एक कॉम्प्युटर उभा केला. त्याला झाकण नव्हतं. कोंडा उडून आत बसायचा आणि सर रोज सकाळी फुंकणीनं फुंकून काढायचे. आम्ही शिकवण्या द्या म्हणून खूप सांगितलं, चार मुलं यायलाही लागली. पण तक्रार सुटली नाही. दर रविवारी मी किन्हवलीहून एसटीनं जायची, आणि मुरबाडच्या सायबर कॅफेत जाऊन आम्ही ती उघडायचो. एव्हाना त्या लोकांनाही सवय झाली असावी. बंद करताना ते कारण लिहीनासे झाले होते.

असे आठ-नऊ महिने गेले. मग एका रविवारी पान उघडलं तर तक्रार आमच्याआधीच कुणीतरी उघडलेली. 'यूपीएस वापरा' म्हणणाऱ्या त्याच माणसानं. त्याच्या गावी बर्फाचं वादळ झालं होतं. खोलीतला दिवा फिका झालेला पाहून त्यानं घाईनं सेव्ह केलं आणि वीज गेली. त्यानं लिहिलं होतं, 'माझी फाईल शून्य बाइट आहे. तुमचं म्हणणं खरं आहे. मला वाईट वाटतं.'

मी ते दोनदा वाचून दाखवलं. मला वाटलं सर आनंदानं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "पंच किती होते इचार त्याला."

दुरुस्त आवृत्ती महिन्याभरात आली, आणि ज्यानं तक्रार केली त्यानं तपासून सांगावं असं त्यांनी कळवलं. तपासायचं म्हणजे पुन्हा मेन स्विच, आणि इथं मेन स्विच म्हणजे अख्खी गिरणी. बाहेर भात घेऊन आलेल्या बायांची रांग होती. सर स्विच पाडत, गिरणीचा घरघराट बंद होई, बाहेर गलका उठे. या खेपेला कंट्रोल एस तर मी दाबतच होते, 'पंखा'ही मीच म्हणत होते. दहाव्या खेपेला एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, तुमचा कागूद वाचंल, पन माझी नातवंडं उपाशी ऱ्हातील."

"आजी, पंधरा हायत अजून. बसा. पंच म्हनून तुमचं नाव घालतो."

ती बसली. पंचविसाव्या खेपेपर्यंत बसली. एकदाही फाईल रिकामी झाली नाही. तिचं नाव, वय अंदाजे सत्तर, धंदा शेती, त्या एडिटरच्या इतिहासात आजही आहे.

आता माझं रजिस्टर राहिलं होतं. त्याच सुमाराला कल्याणच्या एका ऑफिसात मला कॉम्प्युटरवर काम मिळत होतं, फक्त सोमवारपर्यंत सर्टिफिकेट दाखवायचं होतं. मी सगळी छापील पानं घेऊन शहापूरला मालकांकडे गेले. त्यांनी ती चाळली. वर्षभरात ते जरा निवळले होते.

"ठीक आहे गं. एवढं मनाला लावून घेऊ नये," ते म्हणाले. त्यांनी रजिस्टर काढलं. "असं करू. 'प्रोजेक्ट नंतर पूर्ण केला' असं लिहितो. तू सही कर, सर्टिफिकेट आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

"नंतर नाही केला. तेव्हाच केला होता."

"अगं, तुला नोकरीशी मतलब ना? आता 'तेव्हाच' लिहिलं तर माझ्या आधीच्या शेऱ्याचं काय करू? मंडळाला काय सांगू?"

त्यांनी पेन पुढे केलं. मी ते घेतलं.  त्यांच्या शेऱ्याखाली मी लिहिलं, 'प्रोजेक्ट मुदतीत पूर्ण केला होता. एडिटरच्या दोषामुळे फाईल रिकामी झाली. तो दोष बनवणाऱ्यांनी कबूल केला आहे.' खाली सही केली. मालकांनी रजिस्टर ओढून घेतलं. पान फाडायला हात घातला आणि थांबले, कारण प्रत्येक पानावर मंडळाचा नंबर आणि शिक्का होता. ते मला म्हणाले, "आता सर्टिफिकेट विसर." मी पानं गोळा केली आणि निघाले.

किन्हवलीला उतरले नाही, तशीच मुरबाडला गेले. सर शिकवणी संपवून चहा करत होते. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना अभिमान वाटेल. त्यांनी स्टोव्ह बंद केला.

"घ्यायचं होतंस गो," ते म्हणाले. "नोकरी लागली असती. एका शब्दाचा तर फरक."

आयुष्यात त्यांनी कुणाला माघार घ्यायला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि नेमकं मला सांगत होते. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही माझ्यासाठी नोकरी घालवलीत," मी म्हटलं, "आणि मी त्या शब्दाखाली सही करू?"

"तुझ्यासाठी नाय घालवली," सर म्हणाले. "खरं होतं म्हनून घालवली."

"मग मी पण तुमच्यासाठी नाही केलं."